एका टाक्यात दोन काड्या

मारिटबाईंनी ते पान दिव्याच्या काचेवर ठेवलं आणि सगळे पुढे वाकले. मिसाओही वाकली, म्हणजे वाकल्यासारखं तिनं केलं, कारण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिच्या पाठीत आणखी वाकायला जागाच उरलेली नव्हती.

योशिनोरीच्या कागदखान्यात नेहमीची ओल होती, पण फरशी घासून लख्ख केलेली होती आणि एरवी खिळ्यावर लटकणारी त्याची फाटकी बनियन कुणीतरी लपवली होती. पाहुणी, म्हणजे मारिटबाई, युरोपच्या पार उत्तरेकडून आली होती. तिकडच्या एका जुन्या ग्रंथालयात ती मोडकळीला आलेली पुस्तकं दुरुस्त करायची. शाईनं खाल्लेली, बोट लावलं तर भुगा होणारी पानं ती मागून पातळ कागद चिकटवून वाचवायची. तो कागद नियोदो नदीच्या पाण्यात, याच खोलीत, योशिनोरीच्या हातून निघायचा. कांद्याच्या सालीलाही लाजवेल इतका पातळ. बाईंनी एका जुन्या प्रार्थनापुस्तकाचं सुटं पान खास दाखवायला आणलं होतं.

योशिनोरीची बायको कानाए एके काळी शाळेत इंग्रजी शिकवायची. त्यामुळे आज तिचा भाव वधारला होता. "ती म्हणतेय, लावलेला कागद दिसतच नाही," तिनं सांगितलं. "म्हणूनच तर सगळ्यांना हाच हवा असतो. तिच्या गावात, शेजारच्या देशात, त्याच्या शेजारच्या देशात. म्हणते, तुमचा कागद नसता तर आमचं निम्मं कपाट केराच्या टोपलीत गेलं असतं."

योशिनोरीनं मान खाली घालून "छे छे" म्हटलं. त्याचे कान लाल झाले होते. पन्नाशी उलटली तरी कौतुक झालं की याचे कान लाल होतात, हे मिसाओला तो सहा वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं.

मग मारिटबाईंनी पेन्सिलीचं टोक पानावर एका जागी धरलं आणि हसत हसत बरंच काही बोलल्या.

"फक्त ही एवढी एक खूण दिसते, म्हणते," कानाए म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज जरा मंदावला. "बोटाच्या पेराएवढी लांब, बारीक रेघ. गेल्या तीन वर्षांत आलेल्या प्रत्येक तावावर, अगदी त्याच जागी. त्यांच्याकडे तिला सगळे 'गवत' म्हणतात. नवीन गठ्ठा आला की आधी गवत शोधतात. गवत सापडलं की... माल अस्सल."

मारिटबाई हसल्या. योशिनोरीही हसला, पण तो जरा उशिरानं हसला.

मिसाओला गवत दिसलं नाही. तिला नुसता उजेड दिसला आणि त्या उजेडात, ती जिथे बघेल तिथे, मधोमध एक करडा डाग. हा डाग हिवाळ्यापासून तिच्यासोबत होता. पण 'प्रत्येक तावावर त्याच जागी' हे शब्द कळायला डोळे लागत नाहीत. कागदाचा लगदा रोज नवा, पाणी रोज नवं, हाताचा झोलही रोज थोडा वेगळा. रोज तीच असते ती फक्त पडदी. बांबूच्या केसासारख्या काड्या रेशमी दोऱ्यानं एकमेकींना बांधून केलेली, पाण्यातून लगदा उचलून घ्यायची पडदी. आणि ही पडदी तीन वर्षांपूर्वी मिसाओनं विणली होती.

"विचार गं तिला," मिसाओ कानाएला म्हणाली, "किती पानांना लावलाय हा कागद?"

कानाएनं विचारलं. मारिटबाईंनी अभिमानानं आकडा सांगितला. अकरा हजार. शिवाय इतर चार ग्रंथालयांनाही त्यांनी थोडा थोडा वाटला होता.

"आणि काढता येतो का?"

"काकू!" योशिनोरी एकदम म्हणाला. "चला, चहा घेऊ. लसणाचे काप घालून कात्सुओ केलाय कानाएनं. पाहुण्यांना मासा चालतो ना गं?"

पण कानाएनं आधीच विचारून टाकलं होतं. काढता येतो, बाई म्हणाल्या, पाणी आणि भरपूर सबुरी असेल तर. पण काढेल कोण आणि कशाला? पुढची दोनशे वर्षं त्याला हात लावायची गरज नाही.

सगळे जेवायला उठले. मिसाओनं माशाला हात लावला नाही. मारिटबाई निघताना दोन्ही हातांनी तिचे हात धरून काहीतरी म्हणाल्या, त्यांचे डोळे भरून आले होते, आणि कानाएनं सांगितलं की हे हात जगानं जपायला हवेत, असं त्या म्हणतायत. मिसाओनं कमरेत लवून आभार मानले. दुसरं काय करणार?

घर चालत सात मिनिटांवर होतं. त्या सात मिनिटांत तिची सासू, उशिए, मरून एकतीस वर्षं झालेली असताना, सबंध वाट तिच्या शेजारून चालली.

लग्न होऊन आली तेव्हा मिसाओ बावीस वर्षांची होती आणि तिला वाटलं होतं आपण सून म्हणून आलोय. उशिएला सून नको होती, विणणारी हवी होती. तिनं तिला विणायच्या घोडीसमोर बसवलं. घोडी म्हणजे लाकडाची आडवी पट्टी, तिला चाळीस खाचा, प्रत्येक खाचेतून पुढे-मागे लोंबणारी शिशानं जड केलेली रिळं. काडी ठेवायची, चाळीस ठिकाणी दोरा पुढचा मागे, मागचा पुढे. टक, टक, टक. मग दुसरी काडी. अशा सातशे काड्या. पहिली पडदी विणायला मिसाओला त्रेपन्न दिवस लागले. उशिएनं ती खिडकीत उजेडाला धरली, नखानं वरून खालपर्यंत काड्यांवरून रेघ ओढली, किर्रर्र आवाज आला, आणि एका जागी थांबला.

"एका टाक्यात दोन काड्या," उशिए म्हणाली. "कागदावर ओरखडा उठेल."

"एकच ना, सासूबाई?"

"एक पडदी. रोज तीनशे ताव. मोज."

आणि तिनं कात्री घेऊन पडदी मधोमध कापली. मिसाओ त्या दिवशी न्हाणीघरात तोंडात टॉवेल कोंबून रडली. दुसऱ्या पडदीला एक्कावन्न दिवस लागले आणि तीही कापली गेली. तिसरी कापली नाही. उशिएनं नखाची रेघ ओढली, आवाज कुठेच थांबला नाही, आणि म्हातारी काही न बोलता मुळ्याचं लोणचं ढवळायला निघून गेली. मिसाओला आयुष्यात इतकं सुख परत कधी झालं नाही, नवऱ्याकडूनही नाही.

त्यानंतरच्या पंचावन्न वर्षांत तिनं कधी 'छान झालीय का' असं कुणाला विचारलं नव्हतं. सासू असेपर्यंत कात्री होती आणि सासू गेल्यावर तिचे स्वतःचे डोळे होते.

घरी येऊन तिनं कागदखान्यातून आणलेला एक ताव खिडकीत धरला. भिंग लावलं. ताव पांढरा होता. कुठे बघावं तिथे डाग तिच्या आधी जाऊन बसत होता. मग तिला तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला. योशिनोरी पडदी न्यायला आला होता, रीतीप्रमाणे त्यानं ती उजेडाला धरून नख ओढलं होतं. आवाज एकदा थांबला होता.

"काय रे?"

"काही नाही, काकू. शिंक येत होती."

शिंक काही आली नव्हती. पण त्या वेळी कोण लक्षात ठेवतं? तो म्हणाला होता, "काकू, तुमच्या हाताला तोड नाही," आणि तिनं त्याला परसातले युझु, म्हणजे तिकडची आंबट लिंबं, पिशवी भरून दिले होते. आता तिला त्या पिशवीचीही लाज वाटली.

*

जवळच्या कोची शहरात, इस्पितळातला डोळ्यांचा डॉक्टर पोरगेलासा होता आणि फार सौजन्यानं बोलायचा. त्यानं तिच्यापुढे चौकटी-चौकटींचा एक तक्ता धरला.

"मधल्या ठिपक्याकडे बघा, आजी. रेघा कशा दिसतात?"

"वाकड्या."

"सगळ्या?"

"मधल्या. पाण्यात धरल्यासारख्या."

"तुमचं काम काय होतं हो?"

"सरळ रेघा विणायचं," मिसाओ म्हणाली. "होतं नाही. आहे."

डॉक्टरनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. डोळ्यात सुई देता येईल, म्हणाला, तिनं जे उरलंय ते काही दिवस टिकेल. गेलंय ते परत येत नाही. हे किती दिवसांपासून असेल, तिनं विचारलं. सांगणं कठीण आहे, तो म्हणाला, एक डोळा आधी जातो, दुसरा सांभाळून घेतो, माणसाला पत्ताच लागत नाही. तीन-चार वर्षंही असू शकतील.

बसमधून परत येताना नदी डाव्या हाताला होती. नदी तिला नीट दिसली, झाडं दिसली, पुलावरून वाकून मासे बघणारे लोक दिसले. मोठं सगळं दिसत होतं. बारीक तेवढं गेलं होतं, आणि तिचं सगळं आयुष्य बारीकच होतं.

योशिनोरीची जुनी पडदी आता कडेनं उसवायला लागली होती. नवी हवी होती, पानगळीच्या आत. तिनं वसंत लागतानाच 'हो' म्हटलं होतं. दुसरं कोण विणणार? शिकायला आजवर तिघी आल्या. एकीची पाठ गेली, एकीला नवरा मिळाला, एक ओसाकाला जाऊन केकच्या दुकानात लागली आणि दर नवीन वर्षाला न चुकता केक पाठवते. काड्या तासणारा शिझुओकाचा म्हातारा दोन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या हातच्या काड्या तिच्या कपाटात दोन पडद्यांपुरत्या उरल्या होत्या. त्या संपल्या की पुढे काय, हा प्रश्न गावात कुणी कुणाला विचारत नसे.

तरी तिनं प्रयत्न केला. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती कागदखान्यात गेली. योशिनोरी कोपरापर्यंत पाण्यात होता. पडदी हौदात बुडवायची, झोल द्यायचा, पाणी पुढून फेकायचं, परत बुडवायची. मागे तिघं कामगार लगद्यासाठी झाडाची साल निवडत बसले होते.

"योशी, मला एक सांगायचंय. माझे डोळे..."

"डोळे?" तो मान वर न करता म्हणाला. "काकू, तुमचे डोळे माझ्यापेक्षा तरणे आहेत. मला चष्म्याशिवाय बायको ओळखू येत नाही. बरंच आहे म्हणा ते."

कामगार हसले. कानाएनं आतून ओरडून काहीतरी सुनावलं.

"मी काल इस्पितळात गेले होते."

त्याचे हात थांबले. पडदीतलं पाणी टपटप गळत राहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. ज्या ठिकाणी आधीच पाहत होता त्या ठिकाणी तो पाहत राहिला, आणि मिसाओला दिसलं, कडेनं बघितलं की तिला अजून बरंच दिसत होतं, की त्याच्या चेहऱ्यावर भीती आहे. डोळ्यांचं ऐकून दचकलेल्या माणसाची नव्हे. ती आता पुढचं वाक्य बोलेल की काय, याची.

"म्हातारपणी जावंच लागतं हो इस्पितळात," तो म्हणाला. "सावकाश विणा. घाई नाही. महिना उशीर झाला तरी मी त्या ग्रंथालयाला कळवीन. तुम्ही विणताय एवढंच आम्हाला पुरे आहे."

"आणि चुकलं तर?"

"तुमचं कधी चुकलंय?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या परसातले पर्सिमन चोरताना सापडला होता तेव्हाही त्यानं असंच डोळ्याला डोळा न देता विचारलं होतं, 'मी कधी चोरलेत?' तेव्हा तिनं त्याचा कान पिरगळला होता. आता कान पिरगळता येत नव्हता. मागे बसलेल्या तिघांची घरं त्याच्या हौदावर चालत होती, त्याचा हौद तिच्या पडदीवर चालत होता. तो खोटं बोलत होता आणि त्याच्यापाशी खऱ्याला जागाच नव्हती, हेही तिला दिसत होतं. तिला त्याचा राग आला. लगेच त्याची कीवही आली, आणि मग आपण कशाला आलो होतो तेच तिला आठवेना.

कानाएनं तिला दारापर्यंत पोचवलं. "यंदा युझु चांगले धरलेत ना काकू?" तिनं विचारलं. युझुंना अजून फूलही आलेलं नव्हतं.

*

तिनं घोडी मांडली. कपाटातला काड्यांचा पहिला गठ्ठा सोडला. दिवसा, खिडकीपाशी, सकाळी आठ ते दुपारी दोन, उजेड असेपर्यंत.

डोळ्यांनी होत नव्हतं ते तिनं बोटांवर सोपवलं. काडी ठेवायची, बोटाच्या टोकानं शेजारच्या काडीला टेकतेय का बघायचं, रिळं फिरवायची. टक, टक, टक. बोटं शहाणी होती, पण बोटांनाही वय होतं. गार सकाळी टोकं बधिर व्हायची, उन्हाळ्यात घामानं काडी चिकटायची. कधी कधी एक काडी ठेवून ती कितीतरी वेळ नुसती बसून राही. बरोबर आहे असं वाटायचं. पण तीन वर्षांपूर्वीही बरोबरच आहे असं वाटलं होतं. चुकताना कळलं असतं तर चुकलीच नसती. हा विचार आला की ती घातलेला टाका उसवून पुन्हा घालायची.

एवढ्या मोठ्या गावात हिला पडदी दाखवायला एक माणूस नव्हता का, असं कुणीही म्हणेल. होते की. शेजारणीला तिनं थोडीशी विणलेली पडदी दाखवली. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, किती सुंदर!" टपाल घेऊन येणाऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "राष्ट्राचा ठेवा आहे हो!" आणि टोपी काढून त्यानं पडदीला नमस्कार केला. या मुलखात म्हाताऱ्या माणसाच्या हातच्या वस्तूला कुणी वाईट म्हणत नाही, आणि परदेशी बाई तिच्यासाठी विमानानं येऊन गेली असेल तर मग विचारायलाच नको. सगळ्या गावाला त्या भेटीची बातमी होती. वर्तमानपत्रात तिचे हात छापून आले होते, चेहरा नाही, नुसते हात. खाली लिहिलं होतं: जगाची पुस्तकं सांभाळणारे हात.

तिनं ती बातमी बघितली, म्हणजे डाग टाळत तिच्या शेजारून बघितली, आणि कात्रण उशिएच्या तसबिरीमागे खोचून ठेवलं. म्हातारीनं काय म्हटलं असतं ते तिला ऐकू आलं. फोटो कसले काढून घेतेस, पडदी दाखव.

तिनं ठरवलं ते त्याच दिवशी.

दोनशेवी काडी आली तेव्हा तिनं उजवीकडून बारावा दोरा मोजला. बोटानं दोनदा मोजला. दोनशेवी काडी ठेवली, सगळे टाके घातले, बारावा सोडून. मग दोनशेएकावी ठेवली, आणि बाराव्या दोऱ्यात दोन्ही काड्या एकत्र घेऊन एकच टाका घालायचा होता. तिचा हात घालेना. रीळ हातात धरून ती बसली. बोटं आपोआप मधे शिरून काड्या वेगळ्या करत होती. पंचावन्न वर्षं जे करायचं नाही म्हणून शिकली ते आता मुद्दाम करायचं म्हणजे स्वतःच्या हातावर हात उगारण्यासारखं होतं. तिनं तीनदा प्रयत्न केला. चौथ्या वेळी डोळे घट्ट मिटले आणि रीळ टाकलं. टक.

एका टाक्यात दोन काड्या. अगदी पहिल्यासारखी चूक, जिच्यासाठी सासूनं कात्री लावली होती.

पुढचं सगळं तिनं जीव ओतून विणलं. या पडदीत एक चूक असणार होती, ती तिची होती, तिला माहीत होती. योशिनोरीला ती दिसली आणि तो म्हणाला, 'काकू, इथे चुकलंय,' तर ती पडदी कापणार होती. स्वतःच्या हातानं, उशिएच्या कात्रीनं. मग दुसरा गठ्ठा सोडणार होती, त्याला शेजारी बसवून, प्रत्येक दहा काड्यांना विचारत, 'बघ रे, ठीक आहे?' आणि तो खरं सांगणार होता. तेवढं झालं असतं तर ती आणखी एक बिनचूक पडदी विणू शकली असती, आंधळी झाली तरी. तिला डोळे नको होते. तिला फक्त खरं बोलणारा एक माणूस हवा होता.

*

नोव्हेंबरच्या एका कोरड्या दुपारी योशिनोरी आला. नवा शर्ट घालून आला होता आणि हातात कात्सुओ माशाचा एक अख्खा वाळवलेला तुकडा होता, लग्नाकार्याला देतात तसा.

"याची काय गरज होती?"

"कानाएनं दिलाय. मी विसरलो असतो तर घरात घेतलं नसतं."

मिसाओनं कापड उलगडून पडदी त्याच्या हातात दिली. त्यानं आधी ती कपाळाला लावली. मग खिडकीपाशी गेला, दोन्ही हातांनी उजेडात धरली. एवढा वेळ धरली की तिला चहाचं पाणी उकळलेलं ऐकू आलं. तिनं जाऊन आच बंद केली आणि परत येऊन बसली.

"नख ओढतोस ना?"

"हो, हो. ओढतो."

ती डोळे मिटून बसली. डोळ्यांचा तसाही उपयोग नव्हता. पडदी त्यानं घोडीला टेकवून उभी केली आणि नख वरच्या कडेला लावलं.

किर्रर्र. आवाज खाली यायला लागला. सरळ, एकसारखा. उशिएचं नख असंच चालायचं. मिसाओनं ओठ घट्ट मिटले होते. दोनशे काड्या म्हणजे साधारण वरून तिसऱ्या हिश्शाच्या आत.

आवाज थांबला.

सांग, ती मनात म्हणाली. सांग रे पोरा. तुझा कान नाही पिरगळणार. सांग.

"काय रे?" तिनं विचारलं.

"काही नाही, काकू. नाकात धूळ गेली."

आणि नख पुढे निघालं. किर्रर्र.

एवढंच व्हायचं होतं, तर ते झालं. हे होणार अशी तिची तयारी होती, निदान तिला तसं वाटलं होतं. आता तो म्हणेल की सुंदर आहे, मी म्हणेन खोटं बोलतोस, बारावा दोरा बघ, मी मुद्दाम घातलीय. मग तरी त्याला बोलावं लागेल. हे वाक्य तिच्या जिभेवर आलेलं होतं.

आवाज परत थांबला.

नख पडदीच्या मधोमध होतं. तिनं तिथे काही केलेलं नव्हतं.

नख क्षणभर तिथेच घुटमळलं, उलटं वर गेलं, परत खाली आलं, काडीवरून हलकेच. मग पुढे. किर्रर्र. आणि खालच्या कडेच्या जवळ, शेवटच्या दिवसांत विणलेल्या भागात, जिथे तिला आपली बोटं सगळ्यात खात्रीची वाटली होती, तिसऱ्यांदा थांबलं.

चूक तिनं एकच घातली होती.

योशिनोरीनं पडदी उचलली, कापडात गुंडाळली, फार काळजीनं गुंडाळली. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

"काकू," तो म्हणाला, "तुमच्या हाताला तोड नाही."

"खरं सांग," तिचा आवाज अगदी बारीक निघाला. "सासूबाई असत्या तर त्यांनी कात्री लावली असती?"

"उशिए-आजींनी?" तो हसला. त्याला हसायला फार कष्ट पडले. "छे हो. काही न बोलता लोणचं ढवळायला गेल्या असत्या."

ही गोष्ट तिनंच त्याला सांगितली होती, तो लहान असताना, कितीतरी वेळा.

बाराव्या दोऱ्याचं वाक्य अजून जिभेवर होतं. पण ते आता बोलून काय होणार होतं? मुद्दाम घातलेली चूक ती दाखवू शकत होती. उरलेल्या दोन तिला माहीतच नव्हत्या. त्या कुठे आहेत हे फक्त त्याला ठाऊक होतं आणि तो सांगणार नव्हता. पहिलीबद्दल बोलली असती तर त्याला बाकीच्या दोन कबूल कराव्या लागल्या असत्या. मग ही पडदी न्यायची की नाही ते त्याला ठरवावं लागलं असतं, आणि त्यानं नेली नसती तर त्या हौदात उद्यापासून काय बुडवणार होता? जुनी पडदी उसवली होती. गठ्ठा एकच उरला होता. ही बिनचूक नव्हती, पण होती.

तिनं चहा ओतला. थोडा बशीत सांडला. त्यानं फडकं आणून पुसला आणि काही म्हटलं नाही, त्याबद्दलही नाही.

"मारिटबाईंचं पत्र आलंय," थोड्या वेळानं तो म्हणाला. "पुढल्या वर्षी त्यांना दुप्पट कागद हवा. कुठेतरी पुरात एक सबंध ग्रंथालय भिजलंय म्हणे. तर एक पडदी आणखी... सावकाश. तुम्हाला जमेल तशी. काड्या आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं."

"विणीन," मिसाओ म्हणाली.

तो उठला. दारात त्यानं बूट घातले, पडदी काखेत घेतली आणि वळून कमरेत लवला. नेहमीपेक्षा फार खाली लवला, आणि बराच वेळ तसाच राहिला. त्याचा चेहरा तिला दिसला नाही. मग तो उतारावरून नदीकडे निघाला. ती पडदी उद्या पाण्यात जाणार होती. रोज तीनशे ताव, प्रत्येक तावावर तीन गवतं, आणि दूर कुठेतरी भले लोक ती दिव्यावर शोधून काढून आनंदानं हसणार होते.

तिनं तो वाळवलेला मासा ताटलीत काढून उशिएच्या तसबिरीपुढे ठेवला. शिवणाच्या डब्यातून कात्री काढली. कात्री अजून धारदार होती. ती जरा वेळ हातात धरून उभी राहिली, पण कापायला आता घरात काही नव्हतं.

दोन वाजायला अजून तास होता. तिनं कात्री परत डब्यात टाकली, घोडी खिडकीपाशी ओढली आणि शेवटचा गठ्ठा सोडला. पहिली काडी ठेवली. बोटानं चाचपली. ठीक वाटली.

"योशी," ती रिकाम्या खोलीत म्हणाली, "बघ रे, ठीक आहे?"

आणि रीळ टाकलं. टक.